शिवलं तरी न मोडणारी साखळी

निर्मला, हवा कोरडी व्हायला लागली आहे. आज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि सवयीने आधी भिंतीवरच्या ओलाव्याच्या काट्याकडे बघितलं. काटा खाली आलाय, म्हणजे आपला हंगाम सुरू झाला. इतकी वर्षं या दिवसांत तू माझ्या आधी येऊन बसलेली असायचीस आणि मी आत पाऊल टाकलं की म्हणायचीस, "सुधा, संपला पावसाळा. लागा कामाला." आज कोणी काही म्हणालं नाही. मी खुर्ची ओढली, बसले आणि बराच वेळ नुसतीच बसून राहिले. दमले गं. लगेच गुडघ्यांवर जाऊ नकोस, गुडघे नेहमीचेच आहेत. हे दमणं वेगळं आहे.

विभागप्रमुखांनी मागच्या आठवड्यात हळूच विचारलं, "मॅडम, तो मोठा फ्रीजर कधी मोकळा करता येईल?" तुझाच विद्यार्थी तो. वाईट नाही, नवीन यंत्र यायचंय आणि जागा नाही. "तशी घाई काही नाही," असंही म्हणाला, म्हणजे घाई आहे. मी म्हटलं, बघते. तू असतीस तर त्याला तारीख तरी दिली असतीस, नाहीतर तोंडावर नाही म्हणाली असतीस. मला दोन्ही जमत नाही, हे तुझं माझ्याबद्दलचं फार जुनं मत.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही तेच झालं. नाशिकरोडच्या तुमच्या कॉलनीतलं विहार भरलं होतं, बाहेर सिंहस्थासाठी रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे लोक धुळीतून चालत आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मी वेंधळी निळी साडी नेसून. त्रिशरण सुरू झालं तेव्हा शेजारच्या बाईंचं बघून मी ओठ हलवले. मग तुझा भाऊ अनिल म्हणाला, "सुधाताई, तुम्ही दोन शब्द बोला, तुमच्याएवढं ताईला कोणी ओळखत नव्हतं." उठले आणि काय बोलले माहीत आहे? मनमिळाऊ, निगर्वी, सर्वांना हवंहवंसं व्यक्तिमत्त्व. तू, मनमिळाऊ! तू ऐकत असतीस तर उठून चहा प्यायला गेली असतीस. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. म्हणून हे लिहायला घेतलंय, इथे तरी गोड बोलायचं नाही असं ठरवून.

आपली ओळख एमएस्सीच्या वर्गातली. तू नाशिकरोडहून बसने यायचीस, मी पंचवटीतून सायकलवर. तुझे वडील कारकून, माझे रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारे. पहिल्यांदा तू आमच्या घरी आलीस तेव्हा आईने तुला पाणी दिलं, पण भांडं हातात दिलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. तू गेल्यावर ते वेगळं घासलं. तू गेल्यानंतरचं तुला दिसलं नाही, पण कट्ट्यावरचं दिसलं. तू पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालीस आणि भांडं मुद्दाम आईच्या हातात द्यायला गेलीस. मी त्या संध्याकाळी आईशी कडाकडा भांडले. तुझ्याशी त्यावर बोलायचं धाडस व्हायला मात्र फार वर्षं गेली.

ते बोलणं झालं ते इथेच, या खोलीत. तू बाहेर जाऊन शिकलीस, मोठ्या प्रयोगशाळांत काम केलंस आणि सगळे वेड्यात काढत असताना नाशिकला परत आलीस. कॉलेजच्या मागच्या इमारतीत आपण ही प्रयोगशाळा उभी केली, तेव्हा पहिल्याच दिवशी तू मुलांना दोन नियम सांगितलेस. या टेबलाला उघड्या हाताने कोणी शिवायचं नाही. आणि साखळी जोडायला घेतली की जवळपास पाण्याचा थेंब आणायचा नाही. मुलं घाबरली. मग तू समजावून सांगितलंस, की आरएनए म्हणजे एकेका मण्याची साखळी, आणि फार नाजूक, माणसाच्या बोटांवर, घामात अशी द्रव्यं असतात की ती बघता बघता त्याचे तुकडे करतात. आणि मण्याला मणी जोडताना हवेतला ओलावा जरी मध्ये शिरला तरी जोडणी होत नाही. म्हणून तर आपण पावसाळ्यात जोडणीचं काम बंद ठेवून शुद्धीकरण आणि लिखाण करत बसायचो.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "निर्मला, हे तर आमच्या आईचं सोवळं झालं."

तू हातमोजे काढत होतीस. म्हणालीस, "एक फरक आहे. आरएनएपुढे सगळ्यांचेच हात सारखे. तुझेसुद्धा." आणि थोडं थांबून, "आमच्या आजोबांना पाण्याला शिवू देत नव्हते. मी पाण्यालाच शिवू देत नाही. झाली फिट्टंफाट."

तू हसलीस, मीही हसले. पण माझं हसू अर्धंच राहिलं आणि ते तुला कळलं, कारण तू लगेच म्हणालीस, "कट्ट्यावरचं पाणी गार होतं हो, चांगलं होतं." त्या विषयावर आपण एवढंच बोललो. पुरेसं होतं का, मला माहीत नाही. मला आणखी काही म्हणायचं होतं.

तुझं काम लोकांना समजावून सांगणं ही एक वेगळी शिक्षा होती. कॉलनीत सगळ्यांना एवढंच ठाऊक, की बाई डीएनएचं काहीतरी करते. एकदा एक गृहस्थ पुडीत केस बांधून घेऊन आले. "मॅडम, पोरगा आमच्या भावाचाच आहे का तेवढं बघून द्या, वाटणीचा प्रश्न आहे." तू त्यांना बसवलंस, चहा दिलास आणि शांतपणे म्हणालीस, "मी तपासत नाही. मी बनवते." ते तर आणखीच घाबरले, चहा अर्धा टाकून गेले. पुढे कितीतरी दिवस मी तुला कंटाळा आला की फोनवर "वाटणीचा प्रश्न आहे" म्हणायची.

तू काय बनवत होतीस ते मी माझ्या भाचीला एकदा सांगितलं होतं, तसंच इथे सांगते. शरीर प्रथिनं बनवतं ती एका निरोपावरून. काही मुलांच्या निरोपात जन्मापासूनच एक ओळ बिघडलेली असते, त्यामुळे स्नायूंना लागणारं प्रथिन तयारच होत नाही. आधी पळणं जातं, मग चालणं, मग हात, आणि शेवटी श्वास. त्या बिघडलेल्या ओळीवर नेमकी बसेल अशी छोटी साखळी बनवायची, म्हणजे शरीर ती ओळ गाळून पुढचं वाचेल आणि अर्धंमुर्धं का होईना, प्रथिन बनेल. ही कल्पना तुझी नव्हती, जगात अनेक जण त्यावर काम करत होते, आणि ते तू प्रत्येक भाषणात आधी सांगायचीस. तुझं काम होतं साखळी टिकवण्याचं. निसर्गाची साखळी नुसती रक्तात सोडली की शरीर तिला शिवतं आणि ती मोडते. तुला अशी हवी होती की शिवलं तरी मोडणार नाही. त्यासाठी तू तिच्या प्रत्येक मण्यात असलेल्या साखरेच्या रेणूचा आकार बदलत राहिलीस, एक ना दोन, किती तऱ्हांनी. आयुष्य गेलं त्यात. तुझं, आणि तुझ्या मागे मागे माझंही.

कंटाळवाणं काम गं ते. एक मणी जोडायचा, धुवायचं, पुढचा जोडायचा. दर मण्यानंतर यंत्रातून शेंदरी रंगाचं द्रावण उतरायचं. रंग गडद म्हणजे जोडणी साधली, फिका म्हणजे बिनसलं. एका खंडेनवमीला आधीच्या विभागप्रमुख सरांनी भक्तिभावाने यंत्राची पूजा केली, झेंडू वाहिला आणि आपण चालू साखळी मध्ये थांबवून बदलायला बाटल्या उघडल्या होत्या, त्यांच्यावर रामकुंडाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी रंग म्हणून आला नाही. सर काकुळतीला आले. तू म्हणालीस, "सर, फुलं बाहेरून वाहा. आत पाणी शिंपडलंत तर देव येईल, पण साखळी जाईल." आणि सगळं ओतून देऊन पहिल्या मण्यापासून सुरुवात केलीस. कपाळाला आठी नाही. मी तेव्हा मनात सरांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

मंदाबाई आली त्याच सुमाराला. नांदगावच्या कोणा मास्तरांनी पेपरातली तुझी बातमी वाचून तिला धाडलं होतं. तिचा विशाल तेव्हा शाळेत जाता जाता पडायचा. तपासण्यांचे कागद तू वाचलेस, आणि तिला तिथल्या तिथे आजाराचं नाव आणि पुढे काय होईल ते सांगितलंस. ती कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी बाई, रडली नाही, एवढंच म्हणाली, "आन तुमी त्याचंच औषध करताय नव्हं?" तेव्हापासून ती अधूनमधून यायची. एसटीने, पिशवीत निवडलेले कांदे घेऊन. तुला मोठ्या मॅडम म्हणायची. आपण एका वयाच्या, पण मोठी तू.

आपला खरा वाद तिच्यापायी. ती विचारायची, औषध कधी होईल. मी म्हणायची, "होईल हो मंदाबाई, काम जोरात चालू आहे." आणि तू माझ्यादेखत म्हणायचीस, "होईल असं सांगता येत नाही. झालं तरी विशालच्या वेळेत होईल असं नाही." ती बिचारी एकदा तुझ्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. एकदा परत जाताना रिक्षात मी तुला विचारलं, तिची आशा काढून घेऊन तुला काय मिळतं? तू म्हणालीस, "मी काढून घेत नाही. नसलेली देत नाही एवढंच." मी म्हटलं, माणूस आशेवर जगतो. तू म्हणालीस, "तुझे वडील घाटावर लोकांना गोड बोलून घरी पाठवायचे. ते त्यांचं काम होतं. हे आपलं काम नाही." माझे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. मी द्वारकेच्या चौकातच रिक्षातून उतरले आणि नंतर बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. अजूनही ते वाक्य आठवलं की मला राग येतो, निर्मला. तू गेलीस म्हणून तो गेलेला नाही.

आणि मग साखळी टिकली. ते दिवस किती चांगले होते. रक्तात ठेवली, टिकली. पेशींमध्ये घातली, बिघडलेली ओळ गाळली गेली. तू त्या दिवशी मला मिसळ खायला घेऊन गेलीस आणि तर्री वाढून वाढून घेतलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर उंदरांवरच्या चाचण्यांचा अहवाल आला. साखळी शरीरात शाबूत राहत होती, पण मूत्रपिंडांत साठत होती आणि ती खराब करत होती. तू अहवाल वाचलास, मिटलास आणि म्हणालीस, "फसलं."

नेमकी त्याच आठवड्यात मंदाबाई आली. तू तिला सगळं सांगितलंस, एकही शब्द मऊ न करता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एवढी वर्सं झाली, एकदा बघू तरी द्या, कसं हाय ते."

तू फ्रीजर उघडलास. छोटी कुपी काढलीस, आणि मंदाबाईला म्हणालीस, "हात पुढे करा." मी म्हटलं, निर्मला, हातमोजे. तू म्हणालीस, "कातडीतून आत जात नाही ते. मला माहीत आहे." आणि तिच्या उघड्या तळहातावर, कांद्याच्या सालींनी चिरा पडलेल्या हातावर, ती पांढरी, भुरभुरीत भुकटी पाडलीस.

"एवढंच?" मंदाबाई म्हणाली. "कापसावानी हाय."

"एवढंच," तू म्हणालीस.

ती हाताकडे बघत राहिली, फुंकर बसेल म्हणून श्वास धरून. मग तू तिच्या तळहातावरचे ते कण थेंबभर पाण्याने गोळा करून नळीत घेतलेस, तिचे हात साबणाने धुवायला लावलेस, आणि दुसऱ्या दिवशी ती नळी तपासणीच्या यंत्राला लावलीस. पडद्यावर एकच उंच रेघ आली, स्वच्छ. साखळी अखंड होती. रक्तात टिकलेली साखळी हातावर टिकणार हे तुला काय माहीत नव्हतं? तरी तू खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बघ. शिवलं, आणि काही झालं नाही." तुझा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मी तेव्हा तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. आदल्या दिवशी मंदाबाईला फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "नाराज होऊ नका, अजून एक बदल करून बघणार आहोत." खोटं नव्हतं ते. माझ्या डोक्यात तो बदल होता, अजून आहे. पण तो जमला तरी पुढच्या चाचण्यांना किती वर्षं लागतात ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

पुढे आपण लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यावर अडलो. मी म्हणत होते, साखळी टिकली हे वर घेऊ, मूत्रपिंडाचं खाली एका परिच्छेदात. तू म्हणायचीस, "दुसरा कोणीतरी हीच साखळी करायला बसेल आणि त्याचीही वर्षं जातील. फसलं हे वर लिही." लेख तसाच राहिला आणि तू आजारी पडलीस. दवाखान्यात मी पुन्हा तो विषय काढला. एवढ्या अशक्तपणात तुझ्याशी वाद घालायला मला काय सुचलं कोण जाणे, बहुतेक तू वाद घातलास तर बरी होशील असं वाटलं असावं. तू डोळे मिटून म्हणालीस, "नंतर बोलू." आयुष्यात पहिल्यांदा तू गोड बोललीस माझ्याशी, आणि मी ओळखलं.

परवा मंदाबाई आली. तिला काही कळलं नव्हतं. फाटकावरच्या शिपायाने सांगितलं तेव्हा तिथेच पिशवी खाली ठेवून बसली म्हणे. मग आत आली. तुझ्या खुर्चीकडे बघून हात जोडले. मी चहा मागवला. विशाल कसा आहे विचारलं, तर म्हणाली, आता मानेखाली उशी लागते, हात फार उचलत नाही, पण बोलतो लय.

मग म्हणाली, "सुधा मॅडम, आता औषधाचं कसं?"

मी म्हटलं, "बघू ना. काम काही थांबत नाही. मी आहे."

तिने पदराने तोंड पुसलं. "पुन्यांदा इचारू का?"

"विचारा की."

"मागच्या खेपेला मोठ्या मॅडमला म्हन्ले, तुमी म्हनता नाय, सुधा मॅडम फाटकापाशी म्हन्ल्या आजून एक बदल करनार हाय. मी कोनाचं धरू? तर त्या म्हन्ल्या, पुढच्या खेपेला मी नसले तर सुधा मॅडमलाच इचारा. पह्यल्यांदा त्या गोड बोलतील. मनानं लय चांगल्या हायेत. म्हनून दोनदा इचारा. दुसऱ्यांदा त्या खरं सांगत्यात." कप खाली ठेवून ती म्हणाली, "आता सांगा."

म्हणजे फाटकावरचं तुला कळलं होतं. कळून तू मला काही बोलली नाहीस.

मी खिडकीकडे बघितलं, तुझ्या खुर्चीकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. म्हटलं, "नाही, मंदाबाई. या औषधाचा विशालला उपयोग होणार नाही. मला अजून एक बदल करून बघायचाय आणि मी बघणार आहे. पण तो साधला तरी पुढची वर्षं फार आहेत. विशालपर्यंत ते पोचणार नाही." शेवटी काही मऊ जोडावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

मंदाबाईने मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "त्याला हितं यायचं व्हतं. ल्हान व्हता तवापासून म्हनतो, औषध करत्यात ती जागा दाव. मी म्हनायची, औषध झालं का तुझ्या पायानं चालत जाऊ. म्हनून आनला नाय कधी. एवढी वर्सं." मग पिशवी उचलत म्हणाली, "आता आनते. खुर्चीवरच आनते. चालंल का?"

मला तेव्हा रडू आलं, निर्मला. तिच्यासमोर. रिक्षातलं तुझं वाक्य मला अजून टोचतं, पण तू कशासाठी भांडत होतीस ते मला परवा समजलं. आशा मी देत होते आणि तो मुलगा घरात बसून वाट बघत होता.

विभागप्रमुखांना मी तारीख दिली आहे. दिवाळीनंतर फ्रीजर मोकळा करून देते म्हटलं, त्याआधी नाही. मागच्या पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी फळ्या टाकून घ्यायलाही सांगितलं. तो बघतच राहिला, मी इतकं सरळ बोलले म्हणून. लेखाचं पहिलं वाक्य लिहून झालं, तू सांगितलंस तसं. दुसऱ्या वाक्यात साखळी टिकल्याचं आहे, तेवढं माझं चालवून घे. आज दुपारी जोडणीला सुरुवातही केली. पहिला रंग चांगला आला.

विशाल येईल तेव्हा कुपी मी काढीन. त्याला हात पुढे करता येणार नाही. मी धरीन त्याचा हात, हातमोजे न घालता.